फेज आपला जीवाणू कसा ओळखतो : ग्राहीबंधक प्रथिनांच्या रचनेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीवाणूंना संसर्ग करणाऱ्या विषाणूंना बॅक्टेरिओफेज किंवा नुसते फेज म्हणतात. पुढील प्रश्नोत्तरे जीवशास्त्र शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या वाचकांना समोर ठेवून लिहिली आहेत. भर प्रथिनांच्या रचनेवर आहे. फेजच्या औषधी वापराचा उल्लेख रचनेशी संबंध येईल तेवढाच केला आहे.

ग्राहीबंधक प्रथिन म्हणजे नेमके कोणते प्रथिन?

फेजच्या कणाचा जो भाग जीवाणूच्या पृष्ठभागावरील एका ठरावीक रेणूला जाऊन चिकटतो, त्या भागातील प्रथिनाला ग्राहीबंधक प्रथिन म्हणतात, आणि ज्या रेणूला ते चिकटते त्याला ग्राही म्हणतात. दुहेरी पटल असलेल्या, म्हणजे ग्राम-निगेटिव्ह जीवाणूंमध्ये बाह्य पटलावरील लिपोपॉलिसॅकराइड (मेद आणि शर्करासाखळी यांचा जोडरेणू), त्याच पटलातील ओएमपीसी, लॅमबी किंवा एफएचयूए यांसारखी छिद्रप्रथिने व वाहतूक प्रथिने, पेशीबाहेर डोकावणारे केसासारखे पिलाय, कशाभिका आणि शर्करेची जाड कॅप्सूल यांपैकी काहीही ग्राही असू शकते. ग्राम-पॉझिटिव्ह जीवाणूंमध्ये ही भूमिका बहुधा भित्तिकेतील टायकोइक आम्ले आणि इतर बहुशर्करा बजावतात.

ही यादी वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी : यांपैकी एकही रेणू फेजसाठी बनलेला नाही. लॅमबी हे माल्टोज आणि ग्लुकोजच्या तशाच आखूड साखळ्या आत घेण्यासाठी आहे, तर एफएचयूए लोह धरून ठेवणाऱ्या फेरिक्रोम या संयुगाची वाहतूक करते. जीवाणूला जे टाकून देणे परवडत नाही, नेमके त्यालाच धरून बसण्याकडे फेजच्या उत्क्रांतीचा कल दिसतो.

फेजला स्वतः हालचाल करता येत नाही. मग तो जीवाणूपर्यंत पोहोचतो कसा?

केवळ द्रवातील रेणूंच्या धक्क्यांनी होणाऱ्या यादृच्छिक विसरणामुळे. त्यात शोध नाही, हेतूही नाही. म्हणूनच धडक झाल्यानंतर जे घडते, म्हणजे क्षणभर धरणे, सोडणे, थोडे सरकून पुन्हा धरणे आणि अखेर कायमचे जखडले जाणे, त्यालाच ‘ओळखणे’ म्हणायचे.

वेगवेगळ्या फेजच्या या प्रथिनांत रचनेच्या दृष्टीने काही समान असते का?

असते, आणि ते साम्य अमिनो आम्लांच्या क्रमापेक्षा आकारात अधिक स्पष्ट दिसते. शेपटी असलेल्या फेजमध्ये हे प्रथिन बहुतेक वेळा तंतूच्या किंवा आखूड काट्याच्या रूपात असते. त्याच्या तीन एकसारख्या साखळ्या एकमेकींना बिलगून एक एकक तयार करतात, आणि अनेक तंतूंच्या काही भागांत तर त्या तीन पेडांच्या वेणीसारख्या गुंफल्या जातात. साखळीचा आरंभीचा भाग, म्हणजे एन-टोक, फेजच्या शेपटीत किंवा शेपटीच्या तळाशी असलेल्या तळपट्टीत रुतलेला असतो. मधला भाग लांब, ताठ आणि बीटा-पट्ट्यांनी भरलेला असतो. ग्राहीला भिडणारा भाग सहसा साखळीच्या शेवटी, सी-टोकाकडे असतो.

या मांडणीचा परिणाम दूरगामी आहे. फेजशी जोडणारे एन-टोक बदलले तर तंतू शेपटीवर बसणारच नाही, त्यामुळे ते नात्यातल्या फेजमध्ये पिढ्यान्पिढ्या जवळजवळ तसेच राहते; सी-टोकावर मात्र उत्परिवर्तनांचा आणि दुसऱ्या फेजकडून जनुकाचे तुकडे उचलण्याचा धडाका चालू असतो. ज्यांचे आरंभीचे भाग जवळजवळ सारखे आणि टोके पूर्णपणे वेगळी आहेत, असे तंतू तुलना करताना वारंवार आढळतात. माझ्या मते, या विषयातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ती ही : देठ टिकतो, टोक बदलते.

तीन साखळ्याच का, याचे एक उत्तर भक्कमपणात आहे : गुंफलेली रचना सहजासहजी उलगडत नाही, आणि फेजला तर आतड्यापासून सांडपाण्यापर्यंत कुठेही टिकून राहायचे असते. दुसरे उत्तर असे की एका बंधाची ताकद जेमतेम असली तरी तीन टोके आणि असे सहा तंतू एकाच वेळी धरू लागले की एकत्रित पकड फार घट्ट होते. अपवादही आहेत. टी५ या फेजच्या शेपटीच्या अग्रावरील पीबी५ हे प्रथिन एकट्या साखळीचे आहे आणि तरीही एफएचयूएला ते असे धरते की ती पकड व्यवहारतः सुटत नाही.

टी४ फेजचे लांब तंतू कसे बनलेले असतात?

ई. कोलायला संसर्ग करणाऱ्या टी४चे चित्र पाठ्यपुस्तकांतून सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याच्या तळपट्टीभोवती सहा लांब तंतू असतात, प्रत्येकी सुमारे १४५ नॅनोमीटर लांबीचे, आणि मध्यावर वाकलेले. शरीराकडचा अर्धा भाग जीपी३४ या प्रथिनाच्या तीन साखळ्यांचा बनलेला असतो (जीपी म्हणजे त्या क्रमांकाच्या जनुकापासून बनलेले प्रथिन). वाकणाच्या जागी जीपी३५ची एकच साखळी असते. त्यापुढे जीपी३६च्या तीन आणि शेवटी जीपी३७च्या तीन साखळ्या येतात. जीपी३७ची प्रत्येक साखळी १,०२६ अमिनो आम्लांची असून ग्राहीला स्पर्श करण्याचे काम तिच्या अखेरच्या भागाकडे आहे.

या अखेरच्या भागाची अणुपातळीवरील रचना स्पेनमधील मार्क फान राय यांच्या गटाने २०१० मध्ये क्ष-किरण स्फटिकशास्त्राने उलगडली. ८११व्या अमिनो आम्लापासून शेवटपर्यंतचा हा तुकडा आहे, आणि त्यात जे दिसले ते तोवर कोणत्याही प्रथिनात दिसलेले नव्हते. तीन साखळ्यांपासून एक लांबट, अतिशय बारीक सुई तयार होते. तिच्या गाभ्यात लोहाचे सात आयन एका सरळ रेषेत, एकापुढे एक बसलेले असतात. प्रत्येक आयनाला हिस्टिडीन या अमिनो आम्लाचे सहा रेणू धरून ठेवतात, प्रत्येक साखळीतून दोन. साखळीत हिस्टिडीन, मग कोणतेही एक अमिनो आम्ल, मग पुन्हा हिस्टिडीन असा आकृतिबंध सात वेळा येतो, आणि धातूचा एकेक आयन त्या तीन साखळ्यांना त्या त्या जागी बांधून टाकतो. सुईच्या टोकाला साखळ्या एकमेकींत गुंतून थोडा रुंद असा माथा तयार करतात, आणि ग्राहीशी संबंध याच माथ्यावर येतो, असे मानले जाते.

ई. कोलायच्या के-१२ वाणावर टी४ ओएमपीसी हे प्रथिन आणि लिपोपॉलिसॅकराइड यांचा आधार घेतो; बी वाणावर मात्र ज्याच्या टोकाला ग्लुकोज आहे असे लिपोपॉलिसॅकराइड त्याला पुरते. नातेवाईक फेजची निवड निराळी आहे. टी२ हा एफएडीएल आणि ओएमपीएफ या बाह्य पटलातील प्रथिनांना, तर टी६ हा टीएसएक्स या तशाच प्रथिनाला धरतो. त्यातही टी२मध्ये ओळखण्याचे काम जीपी३७च्या टोकाला बसणाऱ्या जीपी३८ या वेगळ्या प्रथिनाकडे असते. साल्मोनेलाला संसर्ग करणाऱ्या एस१६ या फेजमधील अशाच जीपी३८ची रचना २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ग्लायसिनने समृद्ध अशा मळसूत्री पट्ट्या एकमेकींवर रचलेल्या आहेत, आणि त्यांच्या टोकाकडची बदलती वळणे ग्राही ठरवतात. म्हणजे जवळच्या नात्यातल्या फेजमध्येसुद्धा टोकाची रचना दोन सर्वस्वी वेगळ्या मार्गांनी घडलेली आहे.

‘परतीचे’ आणि ‘बिनपरतीचे’ चिकटणे म्हणजे काय?

लांब तंतूंची पकड सुटू शकते. एखादा तंतू धरतो, दुसरा सोडतो, आणि तेवढ्यात फेज पृष्ठभागावर थोडा इकडेतिकडे होतो. हा परतीचा टप्पा. पुरेसे तंतू एकाच वेळी जोडले गेले की तो संकेत तळपट्टीपर्यंत पोहोचतो आणि तिच्याखाली दुमडून ठेवलेले सहा आखूड तंतू उलगडतात. हे आखूड तंतू जीपी१२चे, तेही तीन-तीन साखळ्यांचे, आणि ते लिपोपॉलिसॅकराइडच्या आतल्या गाभ्याला घट्ट जखडतात. येथून माघार नाही.

तळपट्टी हे सुमारे ६० लाख डाल्टन वस्तुमानाचे यंत्र आहे. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे प्योत्र लायमन यांच्या गटाने २०१६ मध्ये तिच्या चिकटण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या अशा दोन्ही अवस्थांची अणुपातळीवरील रचना मांडली. आधी ती घुमटासारखी असते, नंतर चपट्या चांदणीच्या आकाराची होते. हा बदल शेपटीच्या आवरणाला जाऊन भिडतो. जीपी१८च्या १३८ साखळ्यांचे ते आवरण ९० नॅनोमीटरहून अधिक लांबीवरून आकसून निम्म्यापेक्षाही कमी होते आणि आतली कडक नळी बाह्य पटलातून खाली रेटली जाते. नळीच्या अग्रावरील जीपी५मध्ये लायसोझाइमचा भाग असतो, तो भित्तिकेतील पेप्टिडोग्लायकन विरघळवतो.

तंतूच्या टोकावरील काही अमिनो आम्लांचा एका शर्करेशी किंवा प्रथिनाच्या वळणाशी झालेला संपर्क जवळजवळ दीडशे नॅनोमीटर अंतरावरच्या यंत्राला ‘आता सुरू हो’ असे सांगतो, ही गोष्ट मला तंतूच्या रचनेपेक्षाही अधिक थक्क करते.

ग्राहीबंधक प्रथिन फक्त चिकटते, की आणखी काही करते?

पुष्कळ फेजमध्ये ते कापतेसुद्धा. याचे सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण म्हणजे साल्मोनेलाला संसर्ग करणाऱ्या पी२२ या फेजचा शेपटीकाटा. पी२२ची शेपटी आखूड असते आणि तिच्याभोवती असे सहा काटे असतात. प्रत्येक काटा ६६६ अमिनो आम्लांच्या तीन साखळ्यांचा. पहिली सुमारे १०८ अमिनो आम्ले शेपटीला जोडण्यासाठी आहेत. उरलेल्या भागाची रचना जर्मनीतील श्टाइनबाखर, झेकलर, हूबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. प्रत्येक साखळी समांतर बीटा-पट्ट्यांचे तेरा फेऱ्यांचे मळसूत्र बनवते, आणि अशी तीन मळसूत्रे शेजारी शेजारी उभी राहतात. टोकाकडे मात्र साखळ्या एकमेकींत मिसळतात.

साल्मोनेलाच्या पृष्ठभागावर ओ-प्रतिजन नावाच्या शर्करासाखळ्यांचे दाट रान असते. मॅनोज, ऱ्हॅम्नोज आणि गॅलॅक्टोज ही त्रयी पुन्हा पुन्हा येते आणि मॅनोजला एक आडवी शर्करा लटकलेली असते. काट्याच्या मळसूत्राच्या बाजूने एक लांब खाच जाते. तिच्यात ही साखळी आडवी येऊन बसते आणि खाचेतील एक ग्लुटामिक व दोन ॲस्पार्टिक आम्ले ऱ्हॅम्नोज आणि गॅलॅक्टोज यांमधला बंध पाण्याच्या साह्याने तोडतात. म्हणजे ग्राही ओळखण्याची जागा आणि विकराची सक्रिय जागा एकच आहे. फेज धरतो, कापतो, पुन्हा खालचे धरतो, आणि अशा रीतीने शर्करेच्या थरातून वाट काढीत पटलापर्यंत पोहोचतो. येथे ग्राहीसाठी तीव्र आकर्षण असणे फायद्याचे नाही, कारण पकड सुटलीच नाही तर फेज वरच्या थरातच अडकून पडेल.

सगळे काटे कापतातच असे मात्र नाही. ई. कोलायच्या एका वाणाला संसर्ग करणाऱ्या जी७सी या फेजचे प्रथिन साखळी अखंड ठेवून तिच्यावरील केवळ ॲसिटिल गट काढते. ई. कोलाय के१च्या सायलिक आम्लाच्या कॅप्सूलला कापणारी एंडोसायलिडेजे आणि क्लेब्सिएला जीवाणूच्या कॅप्सूलवर काम करणारी विकरे ही पी२२च्याच धाटणीची अन्य उदाहरणे. क्लेब्सिएलाच्या कॅप्सूलचे ७० पेक्षा अधिक प्रकार नोंदलेले आहेत, आणि बहुतेक विकरे त्यांपैकी एकदोनच प्रकार कापू शकतात. त्यामुळे काही फेज एकाच शेपटीवर अशी अनेक विकरे फांद्यांसारखी बाळगतात.

इतकी गुंतागुंतीची प्रथिने बिनचूक घडतात कशी?

नेहमी घडत नाहीत. अमेरिकेतील एमआयटी येथे जोनाथन किंग यांनी पी२२च्या काट्यावर केलेले काम प्रथिनांच्या घडीच्या अभ्यासातील पायाभूत काम मानले जाते. त्यांना अशी उत्परिवर्तने सापडली की ज्यांत काटा कमी तापमानाला नीट घडतो आणि एकदा घडला की जास्त तापमानालाही टिकतो. पण घडण्याची क्रियाच जास्त तापमानाला झाली तर साखळ्या एकमेकींना भलतीकडेच चिकटून गोळा होतात. घडलेल्या प्रथिनाचा टिकाऊपणा आणि घडण्याची वाट या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले. पूर्ण घडलेला काटा इतका चिवट असतो की एसडीएस या प्रथिने उलगडणाऱ्या रसायनातही तो उकळल्याशिवाय उलगडत नाही.

टी४च्या जीपी३७ला घडी पडण्यासाठी जीपी५७ए आणि जीपी३८ या दोन साहाय्यक प्रथिनांची गरज लागते (जीपी३८चे टी४मधील हे काम टी२मधल्या कामाहून वेगळे आहे). प्रयोगशाळेत नुसते जीपी३७चे जनुक जीवाणूत घातले तर हाती न विरघळणारा साका येतो. के१एफ फेजच्या एंडोसायलिडेजने वेगळा उपाय योजला आहे. त्याचा साहाय्यक त्याच्याच साखळीच्या शेवटी जोडलेला असतो आणि तीन साखळ्या नीट जुळल्या की स्वतःला कापून मोकळा होतो. असाच कापून पडणारा तुकडा टी५च्या लांब तंतूतही आहे.

शेपटी नसलेले फेज काय करतात?

त्यांच्यात एम१३ आणि एफडी हे तंतुरूप फेज सर्वांत चांगले समजलेले आहेत. त्यांच्या एका टोकाला पी-तीन या प्रथिनाच्या सुमारे पाच प्रती असतात. पी-तीनचे तीन भाग आहेत : एन१, एन२ आणि कणात रुतलेला शेवटचा भाग. विश्रांतीत एन१ आणि एन२ एकमेकांना चिकटून बसलेले असतात, त्यामुळे एन१वरची बंधनाची जागा झाकलेली राहते. एन२ जीवाणूच्या एफ-पिलसच्या (पिलायच्या एका प्रकारच्या) टोकाला धरतो, त्याबरोबर हे दोन भाग अलग होतात, एन१ उघडा पडतो आणि पिलस आत ओढला गेल्यावर पेशीतील टोलए या प्रथिनाला जाऊन मिळतो.

यातील कळीचा भाग २१३ क्रमांकाचे प्रोलीन हा आहे. या प्रोलीनच्या आधीचा पेप्टाइड बंध दोन रूपांत राहू शकतो. भाग उघडले की तो सिस रूपातून ट्रान्स रूपात जातो, आणि परत सिस होण्याची क्रिया अतिशय मंद असल्याने तोवर रचना उघडीच राहते. जर्मनीतील बायरॉइट येथील फ्रान्झ श्मिड यांच्या गटाने २००५ मध्ये या प्रोलीनला रेणवीय कालमापक म्हटले, आणि ते नाव अगदी चपखल आहे : टोलए गाठण्यासाठी फेजला जो अवधी हवा, तो एक बंध उलटायला लागणाऱ्या वेळाने मिळतो.

याच पी-तीनच्या जनुकात परकीय जनुकाचा तुकडा जोडून जॉर्ज स्मिथ यांनी १९८५ मध्ये परके प्रथिन फेजच्या पृष्ठभागावर मांडण्याचे फेज डिस्प्ले हे तंत्र दाखवले, ज्यासाठी त्यांना ग्रेगरी विंटर यांच्यासह २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा मिळाला.

एमएस२ या आरएनए फेजमध्ये संपूर्ण कणावर परिपक्वन प्रथिनाची एकच प्रत असते आणि ती एफ-पिलसच्या टोकाला नव्हे, तर कडेला चिकटते.

दही आणि चीज उद्योगातील फेजविषयी नेहमी ऐकू येते. त्यांची रचना निराळी असते का?

चीजच्या विरजणातील लॅक्टोकॉकस जीवाणूंवर फेज पडले तर आंबण्याची क्रिया मंदावते किंवा थांबते, त्यामुळे या फेजचा अभ्यास आर्थिक कारणांनी फार बारकाईने झाला आहे. पी२ या फेजच्या तळपट्टीवर ग्राहीबंधक प्रथिनाच्या १८ साखळ्या, म्हणजे तीन-तीनचे सहा गट असतात. प्रत्येक गटात खांदा, मान आणि माथा असे भाग ओळखता येतात, आणि जीवाणूच्या भित्तिकेवरील शर्करा माथ्याला चिकटतात. फ्रान्समधील क्रिस्तियाँ कांबियो आणि कॅनडातील सिल्व्हाँ मोआनो यांच्या गटांनी २०१० मध्ये दाखवले की सुरुवातीला हे माथे वरच्या दिशेने, फेजच्या डोक्याकडे तोंड करून असतात. कॅल्शियम मिळाले की ते सुमारे २०० अंशांनी फिरून खाली, जीवाणूकडे वळतात. दुधात कॅल्शियमची वाण नसते, हे वेगळे सांगायला नको. टीपी९०१-१ या दुसऱ्या लॅक्टोकॉकस फेजमध्ये अशा ५४ साखळ्या आहेत, पण त्या आधीपासूनच खाली रोखलेल्या असतात आणि त्यांना कॅल्शियमची गरज लागत नाही.

फेजचा डीएनए ग्राहीच्या छिद्रातूनच आत जातो का?

हा समज बराच पसरलेला आहे, कारण लॅमबी आणि एफएचयूए ही प्रथिने खरोखरच पटलातील नळ्या आहेत. पण टी५चे पीबी५ आणि एफएचयूए यांच्या जोडरचना २०२२-२३ मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने दिसल्या, तेव्हा एफएचयूएच्या नळीतील बूच जागच्या जागी असल्याचे आढळले. ग्राही येथे वाट नसून इशारा आहे. शुद्ध केलेले एफएचयूए परीक्षानळीत टी५मध्ये मिसळले तर समोर पेशी नसतानाही फेज आपला डीएनए बाहेर टाकून मोकळा होतो. पटलातून जाण्याचा मार्ग फेजच्या शेपटीतील इतर प्रथिने तयार करतात.

जीवाणूने ग्राहीच बदलला तर फेज काय करतो?

जीवाणूच्या दृष्टीने हा सर्वांत सोपा बचाव आहे, पण तो फुकट मिळत नाही. बांगलादेशातील कॉलरा रुग्णांच्या नमुन्यांत वारंवार आढळणारा आयसीपी१ हा फेज कॉलऱ्याच्या जीवाणूचे ओ१ प्रतिजन ओळखतो. त्याच्यापासून वाचण्यासाठी जीवाणू हे प्रतिजन बनवणारी दोन जनुके उलटसुलट चालू-बंद करू शकतो. मात्र प्रतिजन नसलेला जीवाणू उंदराच्या पिल्लांच्या आतड्यात नीट वसाहत करू शकत नाही, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. म्हणजे रोग करायचा असेल तर ग्राही मिरवावाच लागतो.

फेजच्या बाजूने सर्वांत बोलका प्रयोग मिशिगनमधील रिचर्ड लेन्स्की यांच्या प्रयोगशाळेत जस्टिन मेयर यांनी केला, तोही २०१२ मधलाच. लॅम्डा फेज आपल्या जे प्रथिनाने लॅमबीला धरतो. लॅमबी कमी बनवणाऱ्या जीवाणूंबरोबर त्याला वाढवत ठेवल्यावर ९६ पैकी २४ संवर्धनांत असा लॅम्डा उत्क्रांत झाला की जो ओएमपीएफ या पूर्वी न वापरलेल्या प्रथिनावाटेही संसर्ग करू लागला. त्यासाठी जे प्रथिनात चार बदल एकत्र यावे लागले. पुढे २०१८ मध्ये असे आढळले की वाटेवरची काही उत्परिवर्तने प्रथिनाला अस्थिर बनवतात, त्यामुळे एकाच जनुकापासून बनलेले कण दोन वेगळ्या घड्या घेतात. काही कण लॅमबीकडे झुकतात, काही ओएमपीएफकडे. अस्थिरता ही नेहमी उणीवच असते असे मानणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर अभ्यासावा.

काही फेज आपले टोक स्वतःहून बदलतात, हे खरे आहे का?

खरे आहे. म्यू या फेजच्या जनुकसंचात जी नावाचा एक खंड उलटा फिरू शकतो. एका दिशेला असताना बनणारा तंतू ई. कोलाय के-१२ला धरतो, उलट्या दिशेला असताना बनणारा सिट्रोबॅक्टर फ्रॉइंडी आणि इतर काही जीवाणूंना.

बीपीपी-१ या बॉर्डेटेलाच्या फेजची युक्ती याहून पुष्कळ पुढची आहे. बॉर्डेटेला जीवाणू परिस्थितीनुसार आपला पृष्ठभाग बदलतो, आणि बीपीपी-१चा ग्राही असलेले पर्टॅक्टिन एका अवस्थेत असते, दुसरीत नसते. या फेजच्या तंतूच्या टोकावर एमटीडी नावाचे प्रथिन आहे. जेफ मिलर यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवले की एमटीडीच्या जनुकाचा शेवटचा भाग एका साच्यावरून पुन्हा पुन्हा लिहिला जातो, आणि लिहिताना साच्यातील ॲडेनिनच्या जागी मुद्दाम चुका केल्या जातात. २००५ मध्ये रचना मिळाली तेव्हा त्या चुकांचे मर्म उमगले. बदलणारी १२ अमिनो आम्ले साखळीत विखुरलेली असली तरी घडी पडल्यावर ती सगळी ग्राहीकडच्या एकाच पृष्ठभागावर येतात, आणि लेक्टिन या प्रथिनगटाच्या धाटणीच्या घडीचा बाकीचा सांगाडा जराही हलत नाही. शक्य असलेल्या प्रकारांची संख्या सुमारे दहा लाख कोटी भरते.

गंगेच्या पाण्यातील फेज सर्व जंतू मारतात, हे कितपत बरोबर आहे?

अर्नेस्ट हँकिन यांनी १८९६ मध्ये गंगा आणि यमुना यांच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मारणारे काहीतरी असल्याची नोंद केली होती, आणि फेजच्या इतिहासात तिचा उल्लेख आदराने होतो. फेजचा शोध मात्र फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी १९१५ मध्ये आणि फेलिक्स देरेल यांनी १९१७ मध्ये लावला. ‘सर्व जंतू’ हा दावा वर सांगितलेल्या रचनांशी जुळत नाही. कॉलऱ्याच्या जीवाणूचे ओ१ प्रतिजन धरणारे टोक टायफॉइडच्या जीवाणूवर निरुपयोगी आहे, आणि माणसाच्या पेशींवर तर त्याला धरायला काही सापडत नाही.

या रचना आता संगणकानेच कळतात ना?

काही अंशी. लांब, लवचीक तंतूंचे स्फटिक सहसा मिळत नाहीत, म्हणून संशोधक तंतूचा टोकाकडचा तुकडाच वेगळा बनवून स्फटिकरूपात आणतात. तळपट्टीसारखे मोठे यंत्र क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने पाहतात. २०२१ मध्ये अल्फाफोल्ड या प्रथिनरचनेचा अंदाज बांधणाऱ्या संगणक-प्रणालीची सुधारित आवृत्ती खुली झाल्यापासून अनोळखी फेजच्या तंतूंचे अंदाज घेणे फारच सोपे झाले आहे. तरी तीन साखळ्यांची गुंफण, गाभ्यातील धातूचे आयन आणि मुख्य म्हणजे खाचेत नेमकी कोणती शर्करा बसते, यांची खात्री करायला प्रयोगच लागतो.

टोक बदलून फेजला नवा यजमान देता येतो का?

येतो, पण मर्यादेत. टी७च्या तंतूच्या टोकाची रचना फान राय यांच्याच गटाने २०१२ मध्ये मांडली होती आणि त्या टोकावरील वळणे उघडी, लवचीक असल्याचे त्यात दिसले. २०१९ मध्ये एमआयटीतील एका गटाने टी७च्या नातेवाईक टी३मध्ये नेमकी हीच वळणे मोठ्या प्रमाणावर बदलून फेजचा संग्रह तयार केला, आणि मूळ फेजला न जुमानणाऱ्या जीवाणूंवर चालणारे फेज त्यातून निवडून काढले. सांगाडा तसाच ठेवून टोकाची वळणे बदलायची, ही बीपीपी-१ची पद्धतच त्यांनी हाताने राबवली, असे म्हणता येईल.

म्हणजे टोक ग्राहीवर बसले की संसर्ग होणारच?

नाही. आत गेलेला डीएनए मर्यादक विकरे आणि क्रिस्पर या जीवाणूच्या, परका डीएनए कापणाऱ्या बचाव-यंत्रणांच्या तावडीत सापडू शकतो. शिवाय ग्राहीची वाट कधी कधी फेज स्वतःच बंद करतो. टी५ पेशीत शिरताच एलएलपी नावाचे एक लहान प्रथिन बनवून घेतो. ते एफएचयूएला आतल्या बाजूने धरते आणि मग पीबी५ला त्यावर बसता येत नाही. त्यामुळे दुसऱ्या टी५चा शिरकाव टळतो, आणि पेशी फुटल्यावर बाहेर पडणारी नवी पिल्ले तिच्याच फाटक्या पटलावरील एफएचयूएला चिकटून आपला डीएनए वाया घालवत नाहीत.